हजाराच्या पावतीवर "दहाशे रुपये फक्त" छापलं, पायथनचा लॉग चुकतोय का?

पावतीवाला

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळासाठी मी वर्गणीच्या पावत्यांचा छोटासा प्रोग्राम लिहिलाय, पायथनमध्ये. रक्कम टाकली की "अक्षरी रुपये" ची ओळ आपोआप छापली जाते, एवढंच काम. गेल्या वर्षी पूर्ण सीझन वापरला, एक तक्रार नाही. यंदा एका काकांनी हजार रुपये दिले आणि पावतीवर आलं "दहाशे रुपये फक्त". काका ती पावती घेऊन मंडपात आले, चार पोरांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली, आता सगळी गल्ली मला दहाशे म्हणून हाक मारतेय.

आता लॉजिक सांगतो. रकमेचा १० बेसचा लॉग घ्यायचा, त्याचा इंट करायचा, म्हणजे सगळ्यात मोठं स्थान कळतं. २ आलं तर शे, ३ किंवा ४ आलं तर हजार, ५ किंवा ६ आलं तर लाख. मग त्या स्थानानं भागायचं, भागाकार अक्षरात, बाकी उरली तर पुन्हा तेच. मोबाईलवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठीवर आहे तेव्हा कोड पण मराठीतच वाचा:

स्थान = इंट(मॅथ.लॉग(रक्कम, १०))

नुसतं मॅथ.लॉग(१०००, १०) प्रिंट करून बघितलं तर येतं २.९९९९९९९९९९९९९९९६. इंट केलं की २. म्हणजे हजाराला शंभरानं भागलं, दहा आले, "दहाशे". १०० ला बरोबर २.० येतं, १०००० ला ४.०, एक लाखाला ५.०. फक्त हजारालाच काय धाड भरलीये? हा पायथनचा बग आहे, माझ्या लॅपटॉपचा, का माझा? आणि गेल्या वर्षी कसं काय चाललं हे तर अजिबातच कळत नाहीये.

---

जुना_सी_वाला

बग कुणाचाच नाही, म्हणजे तुझाच आहे पण तुझ्या आधी हजारो लोकांनी केलेला आहे. जावास्क्रिप्टमध्ये पण लॉग(१०००) ला लॉग(१०) नं भाग, हेच २.९९९९९९९९९९९९९९९६ येईल.

गोष्ट अशी की दोन आकडे दिले की पायथन १० चा लॉग थेट काढत नाही, तो नॅचरल लॉग दोनदा काढतो आणि भागतो. आता लॉग(१०) ची खरी किंमत आहे २.३०२५८५०९२९९४०४५६८४... पण डबलमध्ये (पायथन दशांश संख्या ज्या ६४ बिटांच्या साच्यात ठेवतो तो) आकड्यासाठी ५३ बिट असतात, त्यात मावणारी सगळ्यात जवळची संख्या आहे २.३०२५८५०९२९९४०४५९०१... म्हणजे छेद किंचित मोठा झाला. लॉग(१०००) खरा आहे ६.९०७७५५२७८९८२१३७०५... आणि डबलमध्ये जवळची जागा ६.९०७७५५२७८९८२१३६८१... म्हणजे अंश किंचित लहान झाला. वरचा खाली घसरला, खालचा वर चढला, भागाकार तीनपेक्षा कमीच येणार. त्यातून ३ च्या अगदी खालची जी डबल संख्या आहे ना, ती हीच तुझी २.९९९...९६. लॉग(१००) च्या वेळी अंश पण त्याच बाजूला राउंड होतो ज्या बाजूला छेद झालाय, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून बरोबर २.० येतं. म्हणजे १०० चं उत्तर बरोबर येतं ते चुका कटल्या म्हणून, चूक नव्हती म्हणून नाही, हे लक्षात घे.

एवढ्याशा चुकीनं काही बिघडलं नसतं, बिघडवलं ते इंटनं. इंट म्हणजे दशांश कापून फेकणं, त्याला २.९९ काय आणि २.०१ काय सारखंच.

आणि गेल्या वर्षी का चाललं? अरे, वर्गणी कोण हजार देतं! ५०१ देतात, १००१ देतात, ५००१ देतात. १००१ चा लॉग ३.०००४३ येतो, त्याला ढकलायला १६व्या घरातली चूक पुरत नाही. तुझा प्रोग्राम वर्षभर त्या वरच्या एक रुपयावर चालला. काकांनी शुभ आकडा मोडला आणि तू सापडलास.

उपाय: मॅथ.लॉग१०(रक्कम) वापर. ते वेगळं फंक्शन आहे, भागाकारवालं नाही. १९९३ ची सन कंपनीची एफडीलिबएम म्हणून सी लायब्ररी आहे, तिच्या लॉग१० च्या कोडमध्ये कॉमेंटच आहे की १० च्या शून्य ते २२व्या घातापर्यंत उत्तर नेमकं पूर्णांक येतं. २२ च का, कारण १० चा २२वा घात हा डबलमध्ये तंतोतंत मावणारा शेवटचा.

---

झटपट_जुगाड

एवढं कशाला भाऊ. लॉगमध्ये ०.००००००००१ मिळव आणि मग इंट कर. मी कॉलेजपासून हेच करतो, कधी प्रॉब्लेम नाही आला.

---

जुना_सी_वाला

@झटपट_जुगाड कधी आला नाही म्हणजे कधी दिसला नाही. ९९९९९९९९९ टाकून बघ, नऊ वेळा नऊ. त्याचा लॉग ९ पेक्षा फक्त ०.०००००००००४३ नं कमी आहे. त्यात तुझं ०.००००००००१ मिळवलं की ९ ओलांडलं, इंट ९, म्हणजे दहा अंकी संख्या. नऊ अंकी संख्येला तू दहा अंकी केलंस. इथं फ्लोटिंग पॉइंटचा काही दोष नव्हता, मूळ लॉग बरोबरच होता, चूक तू हातानं आणून घातलीस.

---

झटपट_जुगाड

वर्गणीत नव्याण्णव कोटी कोण देणारे 😀

---

बिटमोजणी

वर्गणीत नाही देणार पण सवय लागते ना. आणि लॉग१० पण रामबाण नाहीये बरं का. पंधरा वेळा नऊ घ्या, ९९९९९९९९९९९९९९९. ही संख्या डबलमध्ये तंतोतंत मावते, ५३ बिटांची मर्यादा ९००७१९९२५४७४०९९२ आहे, त्याच्या बरीच आत आहे. तरी लॉग१० देतो १५.०, नेमका. म्हणजे अंक मोजायला गेलात तर सोळा.

कारण असं की त्या संख्येचा खरा लॉग १५ पेक्षा साधारण ०.४३ × १०^-१५ नं कमी आहे, आणि १५ च्या लगेच खालची डबल संख्या १५ पेक्षा १.७८ × १०^-१५ नं कमी आहे. मधे जागाच नाही! लायब्ररीनं कितीही अचूक काढलं तरी उत्तर ठेवायला खुर्ची दोनच, आणि जवळची खुर्ची १५ ची. शेवटी ९९८ असलेली संख्या पण अशीच फसते, ९९७ पासून खाली मात्र बरोबर येतं. म्हणजे इथं लॉगची चूक नाही, लॉगचं उत्तर पूर्णपणे योग्य राउंड होऊन आलंय, पण तुम्ही त्याला जो प्रश्न विचारताय ("१५ च्या आत का बाहेर?") त्याचं उत्तर त्या ६४ बिटांत शिल्लकच नाही.

म्हणून पूर्णांकांचे अंक मोजायचे तर लॉग घ्यायचाच नाही. पायथनमध्ये स्ट्रिंग करून लांबी मोजा, झालं. (फार अवाढव्य पूर्णांक असेल तर ३.११ पासून ४३०० अंकांच्या वर स्ट्रिंग करायला पायथन नकार देतो, पण तेवढी वर्गणी आली तर मंडळ बंद करून निवृत्त व्हा.) २ च्या घातासाठी बिट_लेंग्थ आहे, तो पूर्णांकावरच चालतो, त्यात राउंडिंग नावाची भानगडच नाही. नाहीतर मग मॅथ.लॉग(२^२९, २) करा आणि २९.०००००००००००००००४ बघत बसा. लॉग(१२५, ५) चं पण तेच, ३ च्या किंचित वर येतं. इंट केलं तर ते लपतं, सीलिंग (वरचा पूर्णांक) केलं की ४ होतं. कधी खाली चुकतं कधी वर, म्हणून फ्लोअर चालतं का सीलिंग हे वाद घालण्यात अर्थ नाही.

लॉग वापरायचाच असेल तर अंदाजासाठी वापरा आणि शेवटचा निकाल पूर्णांकांकडून घ्या: क = इंट(लॉग१०(न)), मग १०^(क+१) जर न पेक्षा लहान किंवा समान असेल तर क एकनं वाढवा, १०^क जर न पेक्षा मोठा असेल तर एकनं कमी करा. तुलना पूर्णांकांची आहे, ती खोटं बोलत नाही.

---

दुपारची_झोप

एक गंमत कुणी बघितली का? @पावतीवाला तुझ्या प्रोग्राममध्ये दहा लाखाला पण लॉग चुकतोय, ५.९९९९९९९९९९९९९९९ येतो, इंट ५. पण ५ म्हणजे लाख आणि ६ म्हणजे पण लाखच, दहा लाखाला लाखानं भागलं की दहा, "दहा लाख रुपये फक्त". छापून आलेलं बरोबर, आतला हिशोब चूक. आपली हजाराच्या पुढची दोन दोन स्थानांची पद्धत असल्यामुळे वाचलास, इंग्रजी मिलियनमध्ये छापत असतास तर तिथं पण मंडपात वाचन झालं असतं.

---

पावतीवाला

दहा लाखाचं बघितलंच नव्हतं राव. आमच्या मंडळाला दहा लाखाची पावती फाडायचा योग कधी येतो बघू.

बिटमोजणी, पटलं. लॉग काढून टाकतोच. पण आता एक शंका डोक्यात बसलीये. बेरीज गुणाकार ठीक आहे, पण कॉम्प्युटर लॉग काढतो तरी कसा? आत काय टेबल असतं का? आणि एवढी अब्जावधी गणितं करणाऱ्या मशीनला एका लॉगचा शेवटचा अंक नीट का काढता येऊ नये?

---

फिजिक्सची_मास्तरीण

टेबलच असतं असं म्हणलं तरी चालेल 🙂 मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, तेव्हा माझ्या पद्धतीनं सांगते.

बारावीच्या पेपरला आपल्याकडे कॅल्क्युलेटर बंद आणि लॉग टेबल चालतं, त्यामुळे तुम्ही सगळ्यांनी कधीतरी ते पिवळं पडलेलं पुस्तक उघडलेलं आहे. २००० चा लॉग काढताना काय करता? २००० म्हणजे २ गुणिले १० चा तिसरा घात. तीन हा कॅरॅक्टरिस्टिक, तो टेबलात बघायचा नसतो, मनात येतो. टेबलात फक्त २ चा बघायचा, .३०१०, तो मॅन्टिसा. उत्तर ३.३०१०. आणि ०.०२ असेल तर बार टू पॉइंट ३०१०, कारण मॅन्टिसा कायम धन ठेवायचा. म्हणजे टेबल फक्त १ ते १० चं, बाकी सगळं जग कॅरॅक्टरिस्टिकनं भागवायचं.

कॉम्प्युटर हेच करतो, फक्त १० च्या जागी २. फ्लोटिंग पॉइंट संख्या मुळातच अशी साठवलेली असते की घात वेगळा आणि मॅन्टिसा वेगळा, त्याला तर वेगळं करायचे कष्टही नाहीत. म्हणजे लॉग(क्ष) = घात × लॉग(२) + लॉग(म), आणि म हा १ च्या आसपासचा, साधारण ०.७०७ ते १.४१४ च्या मधला. आता फक्त एवढ्याशा पट्ट्यात लॉग काढायचा, तो एका बहुपदीनं काढतात. वर कुणीतरी एफडीलिबएम म्हणलं, त्यात म = १+फ धरून स = फ/(२+फ) घेतात आणि स च्या विषम घातांची मालिका वापरतात, २स + (२/३)स³ + ... अशी, पण गुणक पुस्तकातले नाहीत, किंचित बदललेले असतात म्हणजे संपूर्ण पट्ट्यात चूक सारखी वाटली जाते. २०१८ च्या ग्लिबसी २.२८ (लिनक्सवरची सी लायब्ररी) पासून जो नवीन लॉग आला त्यात तर खरोखरचं छोटं टेबल आहे आणि उरलेल्या चिमूटभर भागासाठी बहुपदी. लॉग टेबलातला तो उजवीकडचा मीन डिफरन्सचा कॉलम आठवतो? तसंच.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट ती लॉग(२) ची फाळणी. घात × लॉग(२) करताना लॉग(२) च राउंड केलेला असेल तर मोठा घात ती चूक तेवढ्या पट वाढवणार. म्हणून तिथं लॉग(२) दोन तुकड्यांत ठेवतात: मोठा तुकडा ०.६९३१४७१८०३६९१२३८..., आणि छोटा १.९०८ × १०^-१० च्या आसपास. मोठ्या तुकड्याचे शेवटचे २१ बिट मुद्दाम शून्य ठेवलेत, त्यामुळे घात कितीही असला (तो ११ बिटांच्या वर जातच नाही) तरी गुणाकार ५३ बिटांत तंतोतंत बसतो, एक कणही राउंड होत नाही. उरलेली चूक छोटा तुकडा भरून काढतो. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेवल्यासारखं आहे.

आता शेवटचा अंक का नाही. आयट्रिपलई ७५४ हे जे १९८५ चं मानक आहे त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ हे नेमके राउंड झालेच पाहिजेत अशी सक्ती आहे. लॉगला नाही. कारण लॉगचे अंक न संपणारे, आणि एखादा लॉग दोन डबल संख्यांच्या बरोबर मधोमध इतका चिकटून असू शकतो की वर का खाली हे ठरवायला अजून किती अंक काढावे लागतील हे आधी सांगता येत नाही. विल्यम कहान यांनी याला टेबल मेकर्स डिलेमा म्हणलंय, म्हणजे टेबल छापणाऱ्याची पंचाईत. नाव उगाच नाही, १६२४ मध्ये हेन्री ब्रिग्जनी १४ दशांशांपर्यंत लॉग हातानं काढून छापले, १ ते २०००० आणि ९०००० ते १०००००, मधला खड्डा १६२८ मध्ये व्लाकनी १० दशांशांत भरला. त्या लोकांना हाच प्रश्न होता, पुढचा अंक ५ च्या जवळ आला की वर न्यायचा का खाली. आपल्या मशीनला तोच आहे, फक्त १६व्या अंकाला. चांगल्या लायब्ररीत चूक एका यूएलपीच्या (शेवटच्या बिटाची एक पायरी) आत असते, म्हणजे फार तर शेजारची संख्या मिळते. त्यामुळे दोन मशीनवर एकाच लॉगचा शेवटचा अंक वेगळा आला तर कुणी खोटं नाही.

(मुलं अजूनही बारला वजा समजतात. तीस वर्षं सांगतेय.)

---

हप्ता_आणि_व्याज

धागा चोरतोय माफ करा, पण लॉगवरच चाललंय तर माझं पण बघा. मी एका पतसंस्थेसाठी छोट्या मशीनचं काम करतो, पिग्मीवाले घेऊन फिरतात तसलं. त्यात एक फुकटचा कॅल्क्युलेटर टाकलाय: व्याजदर द्या, पैसे किती दिवसांत दुप्पट होतील ते सांगतो. रोजचं चक्रवाढ धरून, नुसतं गणित म्हणून, अशी कुठली स्कीम नाहीये. फॉर्म्युला सरळ:

दिवस = लॉग(२) / लॉग(१ + दर/३६५)

आणि वरचा पूर्णांक. ९ टक्क्याला ऑफिसच्या सर्व्हरवर २८१२ येतं आणि मशीनवर २८१३. लॉग टाकून बघितले तर सर्व्हरवर २८११.४४ आणि मशीनवर २८१२.०२. सोळावा अंक सोडा, इथं अर्ध्या दिवसाचा फरक आहे! कोड सेम टू सेम. मशीनवर कॉर्टेक्स-एम४ चिप आहे, तिथं फ्लोट (डबलच्या निम्म्या, ३२ बिटांची संख्या) वापरलाय कारण त्याचं हार्डवेअर फक्त सिंगल प्रिसिजनच करतं, डबल केलं की सॉफ्टवेअरमधून रांगत जातं. पण फ्लोटमध्ये पण सात अंक तरी बरोबर असतात ना? मग चौथ्याच अंकाला कसं काय बोंबललं? फ्लोटचा लॉग काढणारं लॉगएफ फंक्शन भिकार आहे का?

---

जुना_सी_वाला

लॉगएफ बिचारं निर्दोष आहे. त्याच्याकडे आकडा पोचायच्या आधीच मेला होता.

दर/३६५ = ०.०००२४६५७५३४. हा फ्लोटमध्ये मस्त सात अंकांसकट बसतो. मग तू त्यात १ मिळवलास. १ च्या वर लागून असलेल्या फ्लोट संख्या ०.००००००११९२ च्या पायऱ्यांवर असतात, मधे काही नाही. तुझा दर त्या पायऱ्यांत मोजला तर २०६८.४२ पायऱ्या होतात. ०.४२ पायरी उभी राहू शकत नाही, राहिल्या २०६८. म्हणजे दरातला ०.०२ टक्के भाग त्या एका बेरजेत गळून गेला. २८११ चे ०.०२ टक्के काढ, साधारण अर्धा दिवस, तुझा अर्धा दिवस सापडला. पुढं लॉगएफनं त्या अर्धमेल्या संख्येचा लॉग अगदी अचूक काढून दिला, त्याचा काय दोष.

डबलमध्ये हेच होतं पण पायरी इतकी बारीक की तुझ्या दराला जाणवत नाही. पण संख्या अजून लहान कर, डबल पण उघडा पडतो. क्ष = १०^-१० घेऊन लॉग(१+क्ष) काढ: १.०००००००८२६९०३७१ × १०^-१० येतं. खरं उत्तर ९.९९९९९९९९९५ × १०^-११. सोळा अंकांच्या मशीनवर सातच अंक बरोबर, आठव्यापासून पुढं नुसता कचरा. क्ष = १०^-१६ केलास तर १+क्ष म्हणजे चक्क १, लॉग शून्य, आणि मग शून्यानं भागणं आलं.

यासाठीच लॉग१पी नावाचं फंक्शन आहे. नाव विचित्र आहे, लॉग ऑफ वन प्लस. त्याला १+क्ष द्यायचं नाही, नुसता क्ष द्यायचा, आतली बेरीज तो स्वतः न हरवता सांभाळतो. सी९९ पासून सी मध्ये आहे, जावात आहे, पायथनमध्ये आहे, जावास्क्रिप्टला २०१५ पासून आहे. हे काही नवीन लाड नाहीत, १९७९ च्या एचपी-४१सी कॅल्क्युलेटरवर पण लॉग(१+क्ष) चं वेगळं फंक्शन होतं, आणि १९८० च्या इंटेल ८०८७ चिपमध्ये त्यासाठी वेगळी इन्स्ट्रक्शन होती. ज्यांनी व्याजाची गणितं केली त्यांना ही ठेच पहिल्यापासून माहिती. तुझ्या कोडमध्ये लॉग१पीएफ(दर/३६५) कर, फ्लोटमध्येच २८११.४४ येईल. उलट बाजूला ई चा घात वजा १ लागला तर एक्सपीएम१ आहे, तोही लक्षात ठेव, चक्रवाढ व्याज नुसतं काढताना तोच लागतो.

---

हप्ता_आणि_व्याज

झालं!! २८१२. धन्यवाद दादा, दोन दिवस मी कंपायलर बदलत बसलो होतो. पण एक, जुन्या मशीनवरची मॅथ लायब्ररी व्हेंडरनं कापून दिलीये, त्यात लॉग१पी नाहीच. तिथं काय करू, मालिका लिहू का, क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ करत?

---

बिटमोजणी

तुझ्या दरांसाठी तीन पदं भरपूर झाली, तसंच कर हवं तर. पण एक भन्नाट युक्ती आहे, डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या १९९१ च्या फ्लोटिंग पॉइंटवरच्या लेखात सिद्धतेसकट आहे:

य = १ + क्ष
जर य == १ तर उत्तर क्ष
नाहीतर उत्तर = लॉग(य) × क्ष / (य − १)

पहिल्यांदा बघितलं तर वेडेपणा वाटतो. य मध्ये तर क्ष अर्धा मेलेला आहे, मग य − १ करून काय मिळणार? मिळतं ते हेच, की नेमका किती क्ष जिवंत राहिला. ही वजाबाकी तंतोतंत होते, राउंडिंग नाही. तुझ्या उदाहरणात य − १ म्हणजे नेमक्या २०६८ पायऱ्या. आता लॉग(य) भागिले (य−१) हे गुणोत्तर १ च्या जवळ फार हळू बदलतं, २०६८ पायऱ्या घेतल्या काय आणि २०६८.४२ घेतल्या काय, जवळजवळ तेच. ते गुणोत्तर काढायचं आणि मग खऱ्या, न हरवलेल्या क्ष नं गुणायचं. वजन काट्यात खोट असली तरी दोन्ही पारड्यांना तीच खोट असेल तर चालतं, तशातला प्रकार.

एकच धोका, कंपायलरला फास्ट-मॅथचा फ्लॅग देऊ नको. तो मग बीजगणित शिकलेल्या पोरासारखा (१ + क्ष) − १ बघतो, म्हणतो हे तर क्ष च आहे, आणि सगळी युक्ती पुसून टाकतो. मी स्वतः यात एक अख्खा शनिवार घालवलाय.

---

नापास_मॉडेल

माझी पण एक शंका रेटतो. स्पॅम ओळखायचा प्रोजेक्ट आहे, हजारभर शब्दांच्या प्रॉबेबिलिटीचा गुणाकार करतोय आणि उत्तर कायम ०.० येतं, मग त्याचा लॉग घेतला की एरर.

---

बिटमोजणी

डबल १०^-३०८ च्या खाली गेला की दम लागायला लागतो आणि ४.९ × १०^-३२४ च्या खाली काहीच नाही. गुणाकार करून मग लॉग नाही, आधी प्रत्येकाचा लॉग आणि मग बेरीज. पुढं लॉगमधल्या किमती परत बेरजेत आणायची वेळ आली तर सगळ्यात मोठी किंमत आधी सगळ्यांतून वजा कर, मग ई चे घात घे, बेरीज, लॉग, आणि ती मोठी किंमत परत मिळव. नाहीतर ई चा −७४६वा घात सरळ शून्य येतो. बाकीचं वेगळा धागा काढून विचार, इथं वर्गणी चाललीये.

---

पावतीवाला

अपडेट. लॉग काढून टाकला. आता आधी कोटीनं भागतो, मग लाखानं, मग हजारानं, मग शंभरानं, सगळं पूर्णांक भागाकार आणि बाकी. बारा ओळींचा कोड सात ओळींत आला. एक रुपयापासून दहा लाखापर्यंत प्रत्येक आकडा चालवून जुन्या प्रोग्रामशी ताडून बघितला, तर फरक निघाला फक्त १००० आणि ज्यांच्यात बाकी नेमकी हजार उरते तसल्या रकमांना, म्हणजे १०१०००, २०१००० वगैरे. तिथं जुना "एक लाख दहाशे" छापत होता. दुपारची_झोप म्हणाला तसं दहा लाख दोन्हीकडे सारखंच.

काकांना नवीन पावती नेऊन दिली, "एक हजार रुपये फक्त". त्यांनी नीट वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मग शेजारच्या काकूंनी त्यांची काढून दाखवली. ११०० दिले होते, पावतीवर "एक हजार एकशे रुपये फक्त". म्हणतात असं कोण बोलतं, अकराशे लिही.

---

जुना_सी_वाला

म्हणजे दहाशे नको पण अकराशे हवं. ११०० ते १९०० ला इफ लाव आणि गप जा.

---

दुपारची_झोप

आणि २५०० ला पंचवीसशे का अडीच हजार ते मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरवा.